होडीचे दोर का कापले? देवाची योजना आणि माणसाची निवड

नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय वाचताना धर्मग्रंथापेक्षा गलबताची नोंदवही वाचल्यासारखे वाटते. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा, येशूचा संदेश सांगत फिरणारा पौल आलेक्सांद्रियाच्या धान्यवाहू गलबतावर आहे. क्रीट बेटावरच्या 'सुंदर बंदर' नावाच्या जागी हिवाळा काढावा, पुढे जाऊ नये, असे तो सांगतो. पहाऱ्यावरचा शताधिपती त्याचे न ऐकता तांडेलाचे आणि मालकाचे ऐकतो. मग वादळी वारा सुटतो, गलबत बांधून धरायला त्याच्याभोवती दोर आवळावे लागतात, माल समुद्रात फेकावा लागतो, आणि कित्येक दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत.

या सगळ्यात पौल एक गोष्ट ठामपणे सांगतो. रात्री देवदूताने कळवले आहे की गलबत जाईल, पण तुमच्यापैकी एकाचाही जीव जाणार नाही. या वचनाला कोणतीही अट नाही.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा वास लागतो. शिसे बांधलेला दोर सोडून ते पाणी मोजतात. आधी वीस वाव भरते, थोडे पुढे गेल्यावर पंधरा. खडकावर आपटू नये म्हणून मागच्या बाजूने चार नांगर टाकतात. मग नाळेकडूनही, म्हणजे पुढच्या टोकाकडूनही, नांगर टाकायचे आहेत असे निमित्त करून खलाशी लहान होडी पाण्यात सोडतात. खरा बेत पळून जाण्याचा असतो. पौलाच्या ते लक्षात येते आणि तो शिपायांना सांगतो: हे लोक गलबतावर राहिले नाहीत, तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात आणि होडी वाहून जाते. सकाळी गलबत फुटते, आणि २७६ माणसे किनाऱ्याला लागतात. ज्यांना पोहता येते ते पोहून, बाकीचे फळ्यांवर आणि तुकड्यांवर.

इथे थांबून विचारायला हवे. सगळे वाचणार हे देवाने आधीच सांगितले होते, तर 'हे राहिले नाहीत तर वाचणार नाही' या वाक्याला अर्थ काय? आणि हे वाक्य खरे असेल, तर आधीचे वचन खोटे ठरत नाही का? पौलाला यात विसंगती दिसत नाही. एकाच रात्री तो वचनावर भरवसाही ठेवतो आणि खलाशांवर नजरही ठेवतो. ख्रिस्ती विचारवंतांनी सोळाशे वर्षे ज्या प्रश्नावर डोके फोडले, तो प्रश्न या होडीत पुरा मावतो.

'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' ही आपली म्हण आळशाची थट्टा करते. तेच तर्कशास्त्र त्या गलबतावर चालवले असते, तर शिपायांनी दोर कापलेच नसते. वाचणार असू तर वाचूच, मग खलाशी गेले म्हणून काय बिघडले? ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहाने हा तर्क कधीच मान्य केला नाही. देव शेवट ठरवतो तेव्हा त्या शेवटापर्यंत नेणारा रस्ताही ठरवतो, आणि त्या रस्त्यावर माणसांचे निर्णय खरोखर असतात, असे तिचे म्हणणे आहे. बचाव ठरला होता, आणि तो कापलेल्या दोरांतूनच व्हायचा होता.

प्रारब्ध नव्हे

मराठी वाचकाला इथे एक गोंधळ हमखास होतो, तो आधी दूर केलेला बरा. 'देवाने ठरवले' हे वाक्य कानावर पडले की मनात प्रारब्ध, संचित, नशीब हे शब्द उभे राहतात. ख्रिस्ती विचारात मागच्या जन्माचा हिशेब नाही, कारण मागचा जन्मच नाही. ग्रीक कथांमधल्या नियतीसारखी देवांनाही बांधणारी आंधळी शक्तीही नाही. जे ठरते ते एका व्यक्तीच्या, म्हणजे देवाच्या, इच्छेने ठरते आणि त्यामागे हेतू असतो. म्हणूनच त्याच्याशी बोलता येते, भांडता येते, 'का?' असे विचारता येते. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे ही सरळ तक्रार आहे. प्रारब्धाकडे कोणी तक्रार करत नाही.

दुसरा गोंधळ वाटणीचा. पुष्कळ लोक, ख्रिस्ती घरात वाढलेलेसुद्धा, असे धरून चालतात की एखाद्या घटनेत देवाचा वाटा वाढला की माणसाचा कमी होतो. पन्नास टक्के देव, पन्नास टक्के आपण. एका पोळीचे दोन वाटेकरी असावेत तसे. या चित्रातच मूळ चूक आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ घ्या. वयाच्या सतराव्या वर्षी त्याचे भाऊ त्याला वीस चांदीच्या नाण्यांना विकतात. तो मिसर देशात गुलाम होतो, तुरुंगात जातो, तिसाव्या वर्षी फारोचा कारभारी होतो आणि दुष्काळात त्याच भावांना धान्य देतो. शेवटच्या अध्यायात तो त्यांना म्हणतो: तुम्ही माझे वाईट योजले, देवाने ते चांगल्यासाठी योजले. मूळ हिब्रूमध्ये दोन्ही ठिकाणी 'योजणे' हे एकच क्रियापद आहे. भावांनी निम्मे केले आणि उरलेले देवाने दुरुस्त केले, असे तो म्हणत नाही. विक्री एकच आहे. तिच्यात भावांचा हेतू पूर्ण आहे, म्हणून दोषही पूर्ण आहे, आणि त्याच विक्रीत देवाचा हेतूही पूर्ण आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी याची शिस्तशीर मांडणी केली. देव हे पहिले कारण आणि निर्माण झालेल्या गोष्टी ही दुय्यम कारणे. दोन्ही एकाच पातळीवरची नसल्यामुळे त्यांच्यात स्पर्धा होत नाही. देव प्रत्येक गोष्टीला तिच्या स्वभावाप्रमाणे हलवतो: दगडाला दगडासारखे, झाडाला झाडासारखे, आणि इच्छा असलेल्या प्राण्याला इच्छेतून. त्यामुळे देवाने माणसाच्या इच्छेला गती दिली म्हणून ती इच्छा उसनी होत नाही. देवामुळेच ती इच्छा म्हणून टिकते. हे समजावताना हात आणि लेखणीचा दाखला पुष्कळदा दिला जातो: लिहितो हात, तरी लिहिते लेखणीही. तो इथे अर्धाच लागू पडतो, कारण लेखणीला स्वतःची इच्छा नसते आणि अडचण नेमकी तीच आहे.

याहून नेमका दाखला चर्चच्या इतिहासातच आहे, पण या विषयावरच्या प्रवचनांत तो क्वचितच ऐकू येतो. येशू देवही आणि माणूसही, हे मान्य झाल्यावर सातव्या शतकात प्रश्न आला: मग त्याला इच्छा किती? एकच दैवी इच्छा मानली तर भांडण मिटते, साम्राज्यातले गटही खूश होतात, म्हणून सम्राटांचा कल तिकडे होता. मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने याला ठाम विरोध केला. मानवी इच्छाच नसेल तर येशू पुरता माणूस नव्हे, आणि अटकेच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत 'माझी इच्छा नको, तुझी होवो' ही प्रार्थना मग केली तरी कोणी? या हट्टापायी ६६२ साली म्हाताऱ्या मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात कापण्यात आला, आणि हद्दपारीत तो त्याच वर्षी वारला. पुढे ६८०–६८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदेने त्याचेच म्हणणे उचलून धरले: येशूत दोन इच्छा आहेत, मानवी इच्छा दैवी इच्छेच्या मागे चालते, पण तिच्यात विरघळून जात नाही. देवाच्या सर्वांत जवळ असलेली मानवी इच्छा नाहीशी झालेली नाही, ती पूर्ण शाबूत आहे. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स चर्च आजही कृपा आणि माणसाचा प्रयत्न यांना 'सहकार्य' म्हणते, त्याच्या मुळाशी हा निर्णय आहे.

आधीच माहीत असणे आणि आधीच ठरवणे

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि वादात सतत एकमेकांत मिसळतात.

पहिला प्रश्न माहितीचा. मी उद्या खोटे बोलणार हे देवाला आजच ठाऊक असेल, तर उद्या खरे बोलणे मला शक्य आहे का? याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर बोएथियस या रोमन अधिकाऱ्याने सुमारे ५२४ मध्ये, देहदंडाची वाट पाहत कैदेत असताना लिहिले. त्याचा मुद्दा असा: 'आधी' हा शब्दच देवाला लागू नाही. देव काळाच्या रांगेत उभा नाही. डोंगरमाथ्यावरून घाटातला सगळा रस्ता एका नजरेत दिसावा, तसा त्याला सगळा काळ एकदम समोर आहे. तुम्ही समोरच्या माणसाला चालताना पाहता म्हणून तो चालत नाही. तो चालतो म्हणून तुम्हाला दिसतो.

उत्तर देखणे आहे, पण त्यात एक भोक आहे. देवाने पाहिलेले कोणाला सांगितले, की ते वाक्य काळात उतरते. 'कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील' असे येशू आपल्या पेत्र या शिष्याला अटकेच्या संध्याकाळी सांगतो. आता हे वाक्य पेत्राच्या भूतकाळात आहे आणि नाकारणे त्याच्या भविष्यकाळात. डोंगरमाथा इथे मदतीला येत नाही. म्हणून पुष्कळांना बोएथियसचे उत्तर सुरुवात म्हणून पटते, शेवट म्हणून नाही.

दुसरा प्रश्न निर्णयाचा. देव केवळ पाहतो की ठरवतोही? इथे इच्छेचे दोन प्रकार पाडले जातात: देवाला जे हवे असते ते, आणि देव जे घडू देतो ते. पाप दुसऱ्या प्रकारात येते. देव कोणालाही पापाच्या मोहात घालत नाही, असे याकोबाच्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे आणि यावर सगळ्या पंथांचे एकमत आहे. टीकाकार विचारतात की थांबवता येत असताना घडू देणे आणि घडवणे यांत कितीसे अंतर आहे. ही टीका हलकी नाही. तिचे समाधान झाल्याचा दावा प्रामाणिक धर्मशास्त्रज्ञ करत नाहीत.

इच्छा शाबूत आहे की दुखावलेली?

इथवरची चर्चा इच्छा ठणठणीत आहे असे धरून झाली. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी तेच गृहीत धरायला नकार दिला.

आपल्या आत्मकथनात त्यांनी देवाला उद्देशून लिहिले: 'तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याची शक्ती दे, आणि मग हवी ती आज्ञा कर.' रोममध्ये राहणाऱ्या पेलाजियस नावाच्या ब्रिटिश तपस्व्याला हे वाक्य अजिबात आवडले नाही. त्याची चिंता समजण्यासारखी होती. रोममधले ख्रिस्ती 'आम्ही दुबळे' म्हणत सुखेनैव पाप करत होते. देव अशक्य आज्ञा देत नाही, म्हणजे पाळण्याची ताकद माणसात आहेच, ती वापरा, असा त्याचा सरळ हिशेब होता.

ऑगस्टीनचे उत्तर समजायला व्यसनाचे उदाहरण चालते. दारूच्या आहारी गेलेला माणूस गुत्त्याकडे जातो तेव्हा कोणी त्याला ओढत नेत नाही. तो आपल्या इच्छेने जातो. निवड त्याचीच, म्हणून जबाबदारीही त्याचीच. पण इच्छाच बदलणे, म्हणजे दारू नकोशी वाटणे, हे त्याच्या हातात उरलेले नसते. ऑगस्टीनच्या मते सगळी माणसे या अवस्थेत आहेत. निवडण्याची क्रिया चालू आहे, पण काय आवडावे हे बिघडले आहे. पहिल्या माणसाला पाप न करणे शक्य होते. पतनानंतर, म्हणजे त्याने देवाची आज्ञा मोडल्यावर, पाप न करणे शक्य उरले नाही. कृपेने ते पुन्हा शक्य होते. आणि स्वर्गात पाप करणेच शक्य नसेल. त्यांच्या मते ही शेवटची अवस्थाच सर्वांत स्वतंत्र. 'दोन्ही पर्याय खुले असणे म्हणजे स्वातंत्र्य' ही आपली रोजची व्याख्या त्यांना अपुरी वाटते. ज्याला चोरी करावीशीच वाटत नाही तो, चोरी करू की नको अशा घोळात असलेल्यापेक्षा, मोकळा असतो. पटो वा न पटो, हे कळल्याशिवाय पुढचा सगळा वाद कळत नाही.

४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचे मत फेटाळले. तडजोड म्हणून दक्षिण फ्रान्समधले काही मठवासी म्हणू लागले की सुरुवात माणसाने करावी, मग देव हात देईल. ५२९ मध्ये ऑरेंज येथील परिषदेने तेही नाकारले: विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. पण त्याच परिषदेने दुसरी बाजूही बंद केली. देवाने काहींना वाइटासाठी नेमून ठेवले आहे असे कोणी म्हणेल, तर त्याचा धिक्कार असो. पश्चिमेकडच्या चर्चला तेव्हापासून या दोन भिंतींमधून वाट काढावी लागते. आपल्याकडच्या प्रवचनांत मात्र 'तू एक पाऊल टाक, देव शंभर टाकेल' हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते नेमके ऑरेंजने नाकारलेले मत आहे.

या ठिकाणी फारोचा प्रश्न कोणीतरी काढतोच. बायबलच्या निर्गम पुस्तकात मिसरचा राजा फारो इस्राएली गुलामांना सोडत नाही, म्हणून देव त्याच्या देशावर एकामागून एक पीडा पाठवतो; तिथे देवाने फारोचे मन कठोर केले असे लिहिले आहे, मग बिचाऱ्या फारोचा काय दोष? मजकूर क्रमाने वाचला तर चित्र थोडे बदलते. मन कठोर करीन असे देव आधीच सांगतो, हे खरे. पण पहिल्या पाच पीडांमध्ये फारोचे मन कठोर राहिले किंवा त्याने स्वतः ते कठोर केले, असेच शब्द येतात. परमेश्वराने कठोर केले असे घटना म्हणून प्रथम येते ते सहाव्या पीडेनंतर, आणि सातवीनंतर पुन्हा फारो स्वतःच मन कठोर करतो. म्हणून बरेच भाष्यकार म्हणतात की देवाने त्याला त्याच्याच हट्टाच्या हवाली केले. पौल मात्र रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात इतका मऊ अर्थ लावत नाही. तो कुंभार आणि मातीचा दाखला देतो आणि वाचकाला गप्प करतो. गंमत म्हणजे तोच कुंभार यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातही आहे, आणि तिथे राष्ट्राने पश्चात्ताप केला तर कुंभार आपला बेत बदलतो.

डॉर्टचा निवाडा

सोळाव्या शतकात हा विषय पुन्हा पेटला. इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले. मार्टिन लूथरने पुढच्याच वर्षी उलट उत्तर दिले: माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचे जनावर, त्यावर देव स्वार झाला तर ते देवाला हवे तिकडे जाते, सैतान स्वार झाला तर सैतानाला हवे तिकडे. कॅथलिक चर्चने ट्रेंट येथे १५४७ मध्ये आपली भूमिका मांडली: पतनाने इच्छा दुबळी झाली, कलली, पण विझली नाही. देवाच्या हाकेला ती हो म्हणू शकते आणि नाकारूही शकते.

प्रॉटेस्टंटांमधला निर्णायक खटला हॉलंडमध्ये चालला. याकोबस आर्मिनियस या प्राध्यापकाचे १६०९ मध्ये निधन झाले. पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन दिले, आणि त्यावर १६१८–१६१९ मध्ये डॉर्ट शहरात परिषद भरली. या पाच कलमांत तिसरे कलम लोक विसरतात. कृपेवाचून माणूस काहीही खरे चांगले करू शकत नाही, हे आर्मिनियसवाल्यांनीही मान्य केले होते. म्हणजे 'कॅल्विनवाले (सुधारक जॉन कॅल्विनचे अनुयायी, आर्मिनियसवाल्यांचे विरोधक) देवाच्या बाजूचे, आर्मिनियसवाले माणसाच्या' ही प्रचलित विभागणी चुकीची आहे. भांडण इतरत्र होते. देव कोणाला निवडतो ते त्याचा पुढचा विश्वास पाहून, की काहीही न पाहता? ख्रिस्ताचे मरण सर्वांसाठी की फक्त निवडलेल्यांवर परिणाम करणारे? आणि कृपा आली की तिला नाकारता येते का? डॉर्टने तिन्ही ठिकाणी दुसरी बाजू उचलली: काही न पाहता, निवडलेल्यांसाठी, आणि शेवटी नाकारता येत नाही. तरी त्यांनी एक वाक्य जपून घातले की कृपा माणसांना ठोकळे आणि दगड असल्यासारखे वागवत नाही, ती इच्छेला मोडत नाही, बरी करते.

राजकारण अर्थातच सोबत होते. आर्मिनियसवाल्यांचा पाठीराखा, देशाचा एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट, याचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसला जन्मठेप झाली आणि दोन वर्षांनी तो पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटला. ते सगळे पूर्वनियोजित होते का, यावर दोन्ही बाजूंचे मत वेगळे असणार.

कॅथलिकांनाही हेच भांडण चुकले नाही. जेझुइट या कॅथलिक संघातला स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञ लुइस दे मोलिना याने १५८८ मध्ये एक हुशार तोडगा मांडला. देवाला जे शक्य आहे ते माहीत असते, जे घडणार आहे तेही माहीत असते. पण या दोन्हींच्या मध्ये तिसरे ज्ञान आहे: कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वतःहून काय करेल. ते पाहून देव परिस्थिती निवडतो, माणूस मोकळाच राहतो. यासाठी शास्त्राधार म्हणून १ शमुवेलमधला तेविसावा अध्याय दाखवतात. शौल राजा ज्याच्या जिवावर उठला आहे तो दावीद कईला शहरात असताना देवाला विचारतो: शौल इथे येईल का? येईल. शहरातले लोक मला त्याच्या ताब्यात देतील का? देतील. दावीद आपली सुमारे सहाशे माणसे घेऊन निघून जातो, आणि शौल येतच नाही. देवाने सांगितलेले घडले नाही, तरी ते खोटे नव्हते. दावीद राहिला असता तर काय झाले असते, ते देवाने सांगितले होते.

डोमिनिकन पंथाचा डोमिंगो बान्येझ याने नेमकी दुखरी जागा पकडली. देवाने काही ठरवण्याआधीच 'हा माणूस तिथे असे करेल' हे वाक्य खरे असेल, तर ते खरे कशामुळे? देवामुळे नाही, आणि माणूस तर अजून अस्तित्वातच नाही. वाद रोमला गेला. दोन पोपांसमोर सुमारे दहा वर्षे सुनावण्या झाल्या. १६०७ मध्ये पाचवे पॉल यांनी दोघांनाही घरी पाठवले आणि एकमेकांना पाखंडी म्हणू नका अशी ताकीद दिली. निर्णय यथावकाश कळवू, असे सांगितले होते. तो अजून कळवलेला नाही.

मराठी चर्चमध्ये

हे सगळे युरोपातले म्हणून सोडून देता येत नाही, कारण मराठी ख्रिस्ती समाजाला या वादाचे वेगवेगळे तुकडे वारशाने मिळाले आहेत. वसई आणि गोव्यातले कॅथलिक ट्रेंटनंतरच्या परंपरेतले. १५७९ मध्ये गोव्यात आलेले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे मोलिनाच्याच जेझुइट संघाचे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि १८३१ पासून अहमदनगरला स्थिरावलेले अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या कॅल्विनवादी घराण्यातले. १८२९ मध्ये मुंबईला आलेले डॉ. जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे डॉर्टच्या बाजूचे. मेथडिस्ट मात्र उघड आर्मिनियसवादी. त्यांच्या जॉन वेस्लीने तर १७७८ मध्ये आर्मिनियसच्या नावाने मासिकच काढले होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा यातल्या बऱ्याच परंपरा एका छपराखाली आल्या. आज त्याच बाकांवर बसणाऱ्यांत दोन्ही घराणी आहेत, आणि बहुतेकांना आपले घराणे कोणते ते ठाऊक नसते.

प्रत्यक्षात चुकते ते मयताच्या घरी. 'देवाची इच्छा होती' हे वाक्य तिथे सांत्वन म्हणून उच्चारले जाते आणि ऐकणाऱ्या आईच्या कानात ते आरोपासारखे शिरते. घडू देणे आणि हवे असणे यांतला वर सांगितलेला फरक या वाक्यात पुसला जातो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, त्याबद्दल येशूने त्यांच्या पापाचा हिशेब मांडायला साफ नकार दिला होता. उलट टोकाची चूक आजारपणात होते: विश्वास आहे म्हणून औषध बंद. गलबतावरचा पौल अशा माणसाला होडीचे दोर दाखवेल.

मग प्रार्थना कशाला, हा प्रश्न उरतो. अक्वायनसचे उत्तर कोरडे पण नेमके आहे: देवाने ठरवलेले बदलण्यासाठी आपण प्रार्थना करत नाही. काही गोष्टी प्रार्थनेतूनच मिळाव्यात असे त्याने ठरवले आहे, त्या मिळाव्यात म्हणून करतो. पेरणीसारखेच हे. पीक देव देतो म्हणून कोणी पेरायचे थांबत नाही.

आणि नोकरी, लग्न, स्थलांतर यांत देवाची इच्छा शोधायची कशी? बायबलमधल्या गिदोनासारखी लोकर अंगणात ठेवून दव पडते का ते पाहणे, बायबल डोळे मिटून उघडणे, या वाटा लोकप्रिय आहेत आणि धोकादायक आहेत, कारण त्यांत निर्णयाची जबाबदारी टाळता येते. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची साधनापद्धती पोपनी १५४८ मध्ये मंजूर केली. तिच्यात निवडीचा एक शांत, जवळपास हिशेबी मार्ग आहे. आधी अट: दोन्ही पर्याय चांगले असले पाहिजेत, आणि आधीच दिलेले लग्नासारखे कायमचे वचन पुन्हा निवडीला घ्यायचे नाही. मग प्रश्न स्पष्ट मांडायचा. मन तराजूच्या काट्यासारखे मध्ये आणायचे, हा टप्पा सर्वांत अवघड, आणि घाई इथेच नडते. इच्छेला योग्य दिशा मिळावी म्हणून देवाकडे मागायचे. नंतर चार रकाने: स्वीकारले तर फायदे, स्वीकारले तर तोटे, न स्वीकारले तर फायदे, न स्वीकारले तर तोटे. काटा कुठे झुकतो ते आवडीने नव्हे, विचाराने पाहायचे. अडले तर कल्पना करायची की कधी न पाहिलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन आला आहे, त्याला काय सांगाल? किंवा आपण मृत्युशय्येवर आहोत, तेव्हा आज काय निवडले असते तर बरे वाटेल?

मन उदास, कोरडे असताना आधीचा निर्णय फिरवायचा नाही, असा त्यांचा वेगळा नियम आहे. आणि शेवटची पायरी अशी, की निवड करून झाल्यावर ती देवापुढे ठेवायची आणि त्याने ती स्वीकारून पक्की करावी असे मागायचे. निवड आधी, मग ती देवापुढे. हा क्रम उलटा करायची परवानगी इग्नेशियस देत नाहीत.